ॲलर्जीचे मूळ धुरात की धुळीत? भिलाईच्या निमित्ताने

छत्तीसगडमधील भिलाईसारख्या पोलादनगरीत शिंका, वाहते नाक किंवा दमा अशी कोणतीही तक्रार उद्भवली की तिचा दोष कारखान्याच्या धुराड्यांवर जाणे स्वाभाविक आहे. भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. पाठोपाठ नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी, जामुलचा सिमेंट कारखाना आणि लहानमोठे अभियांत्रिकी उद्योग या परिसरात वाढले. २०११ च्या जनगणनेनुसार दुर्ग-भिलाईनगर या नागरी समूहाची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक होती. विदर्भातून नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबेही त्यात आहेत. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेची विहित मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत छत्तीसगडमधील रायपूर आणि कोरबा यांच्यासह भिलाईचाही समावेश होता.

हवा दूषित आहे, याविषयी त्यामुळे वाद नाही. मात्र दूषित हवेने होणारा खोकला आणि ॲलर्जी या दोन भिन्न गोष्टी आहेत. ॲलर्जीविषयी गेल्या काही दशकांत जगभर झालेल्या संशोधनाने धुराड्यांबाबतच्या सर्वसाधारण समजुतीला अनेक ठिकाणी छेद दिला आहे. हा भेद केवळ शास्त्रीय काथ्याकूट नव्हे. कारण नेमके न ओळखल्यास रुग्ण वर्षानुवर्षे चुकीच्या वस्तूपासून दूर राहतो आणि खरे कारण त्याच्या उशीत तसेच राहते.

संवेदीकरण म्हणजे काय?

मराठीत ज्याला पूर्वापार ‘वावडे’ म्हटले जाते, त्यासाठी ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजला. परागकण, धुळीतील किड्यांची विष्ठा, बुरशीचे बीजाणू किंवा एखादे अन्न यांतील निरुपद्रवी प्रथिनाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार करते. या प्रतिपिंडांचा शोध १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधील संशोधकांनी लावला. ही प्रतिपिंडे त्वचा, नाक आणि श्वासनलिका यांतील विशिष्ट पेशींना जाऊन चिकटतात. येथवर व्यक्तीला कोणताही त्रास जाणवत नाही. शरीराच्या या पूर्वतयारीला ‘संवेदीकरण’ म्हणतात. पुढे तेच प्रथिन पुन्हा शरीरात आले की त्या पेशींतून हिस्टामिन आदी द्रव्ये सुटतात आणि शिंका, खाज, अंगावर उठणाऱ्या गांधी किंवा श्वासाची घरघर सुरू होते.

संवेदीकरण झालेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे मात्र नाही. या मुद्द्यावर रुग्णांची, आणि क्वचित प्रयोगशाळांचीही, गल्लत होताना दिसते. ‘यूरोप्रिव्हॉल’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांतर्गत कर्नाटकातील प्रौढांची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात २६.५ टक्के व्यक्तींच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळले. प्रत्यक्ष अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता मात्र केवळ १.२ टक्के लोकांत दिसून आली. रक्तचाचणीचा कागद पाहून वांगी, दही, डाळी असे एकेक पदार्थ ताटातून वगळत जाणाऱ्या पालकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

उलट, कपड्यांवर उडालेली धूळ, कोळशाचा धूर किंवा गंधकाचा वायू यांच्यामुळे जो खोकला येतो, त्यात आयजीईचा बहुधा संबंध नसतो. तेथे श्वासमार्गाचे अस्तर थेट चुरचुरते. बोलीभाषेत दोहोंनाही ‘धुळीची ॲलर्जी’ असेच म्हटले जाते, आणि घोटाळ्याची सुरुवात तेथूनच होते.

प्रमाण किती?

संवेदीकरणाचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत ६ ते ५९ वर्षे वयोगटातील लोकांची त्वचाचाचणी घेण्यात आली. तीत तपासलेल्या १० घटकांपैकी किमान एका घटकास ५४.३ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला. १९९० च्या दशकातील युरोपीय समुदाय श्वसन आरोग्य पाहणीत २० ते ४४ वर्षांच्या प्रौढांच्या रक्तातील आयजीई मोजण्यात आले. केंद्रागणिक हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत बदलत गेले आणि मध्यांक ३३ टक्के होता. नाव युरोपीय असले तरी या पाहणीची पद्धत मुंबईतही वापरली गेली. डॉ. रोहिणी चौगुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या मुंबईच्या अभ्यासात, जो १९९८ साली प्रसिद्ध झाला, डॉक्टरांच्या निदानानुसार दम्याचे प्रमाण ३.५ टक्के आढळले. व्याख्या अतिशय व्यापक केली असता तेच प्रमाण १७ टक्क्यांवर गेले. आजार मोजताना व्याख्येचा काय प्रभाव पडतो, हे यावरून लक्षात यावे.

मुलांमधील लक्षणांची सर्वांत मोठी आंतरराष्ट्रीय गणना ‘आयझॅक’ या नावाने ओळखली जाते. तिच्या पहिल्या टप्प्यात ५६ देशांतील १५५ केंद्रांत १३-१४ वर्षांच्या ४ लाख ६३ हजारांहून अधिक मुलांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आली. अकोला आणि पुणे ही शहरेही या पाहणीत होती. जगातील सर्वाधिक आणि सर्वांत कमी प्रमाणांत वीस ते साठ पटींचे अंतर आढळले. मानवी वंश इतक्या झपाट्याने बदलत नाही. अर्थात फरकाचे कारण परिसरात आणि राहणीत शोधावे लागते, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला.

भारतातील बारा केंद्रांत सुमारे १ लाख ७० हजार प्रौढांच्या पाहणीवरून दम्याचे प्रमाण २.०५ टक्के असल्याचे २०१२ साली जाहीर झाले. टक्केवारी लहान वाटली तरी लोकसंख्येच्या हिशेबाने रुग्णसंख्या कोट्यवधींत जाते. जागतिक रोगभाराच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते, तर दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात झाले. पंप अर्थात इनहेलरविषयीची भीती, निदानाला होणारा विलंब आणि ‘साधी ॲलर्जी आहे’ म्हणून होणारे दुर्लक्ष ही यामागील कारणे सांगितली जातात.

धुराचा वाटा

भिलाईसारख्या शहराच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण जर्मनीचे आहे. १९९० साली दोन्ही जर्मनींचे एकीकरण झाले, तेव्हा पूर्वेकडील लाइपझिग आणि हाले ही शहरे तपकिरी कोळशाचा धूर, गंधक डायऑक्साइड आणि जड उद्योगांची धूळ यांनी ग्रासलेली होती. पश्चिमेकडील म्युनिक तुलनेने स्वच्छ होते. शास्त्रज्ञांची अपेक्षा अशी, की पूर्वेकडील मुलांमध्ये ॲलर्जी अधिक आढळेल. डॉ. एरिका फॉन म्युटियस यांच्या पथकाने ९ ते ११ वर्षांच्या मुलांची तपासणी केली, तेव्हा चित्र अगदी उलटे दिसले. म्युनिकमध्ये ३६.७ टक्के मुलांचे संवेदीकरण झालेले होते, तर लाइपझिग व हाले येथे केवळ १८.२ टक्के मुलांचे. श्वासनलिकादाह, म्हणजे ब्राँकायटिस, मात्र पूर्वेकडे जवळपास दुप्पट होता. धुराने मुलांना आजारी पाडलेच होते. तो आजार ॲलर्जीचा नव्हता, इतकेच.

पुढील घडामोड अधिक विचार करायला लावणारी आहे. एकीकरणानंतर पूर्वेकडील जुने कारखाने बंद पडले, कोळशाचा धूर ओसरला आणि हवा सुधारली. लाइपझिगमध्ये मुलांमधील संवेदीकरण १९९१-९२ मधील १९.३ टक्क्यांवरून १९९५-९६ पर्यंत २६.७ टक्क्यांवर गेले. आहार, घरांची रचना, कुटुंबाचा आकार, मोटारींची संख्या असे बरेच काही या काळात बदलले होते. नेमके कोणते कारण प्रभावी ठरले, यावर संशोधकांत आजही एकमत नाही.

यावरून प्रदूषणाला निर्दोष ठरवणे घाईचे होईल. धूर आणि धूर यांतही फरक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांच्या नाकात त्यांच्या शरीराला सर्वस्वी अपरिचित असे एका सागरी शंखवर्गीय जीवाचे प्रथिन सोडण्यात आले. केवळ प्रथिन दिलेल्यांपैकी कोणाच्याही शरीरात त्याविरुद्ध आयजीई तयार झाले नाही. ज्या १५ जणांना प्रथिनाच्या आधी डिझेलच्या धुरातील कण देण्यात आले, त्यांपैकी ९ जणांत ते तयार झाले. याचा अर्थ डिझेलचे सूक्ष्म कण स्वतः वावड्याचे कारण नसले, तरी दुसऱ्या पदार्थाचे वावडे निर्माण होण्यास ते हातभार लावू शकतात. कच्चा माल आणि पोलाद वाहून नेणाऱ्या ट्रकांची वर्दळ असलेल्या शहरात धुराड्याइतकेच लक्ष रस्त्याकडेही द्यावे लागते, ते यामुळे. धुराडे उंच असते. ट्रकचा धूर शाळकरी मुलाच्या नाकाच्या उंचीवर सुटतो.

ज्यांना आधीच दमा आहे, त्यांच्या बाबतीत तर शंकेला जागा नाही. कारण काहीही असो, सूक्ष्म धूलिकण वाढले की त्यांचा त्रास बळावतो. २००९ साली ठरवलेल्या भारतीय मानकांनुसार अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा ५ मायक्रोग्रॅम इतकी आहे.

घराच्या आतील हवा

जगभरच्या पाहण्यांत संवेदीकरणास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत वरचा क्रमांक घरातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा लागतो. ‘डस्ट माइट’ या नावाने ओळखले जाणारे हे कोळ्याच्या वर्गातील जीव सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचे असून माणसाच्या त्वचेच्या गळालेल्या कोंड्यावर जगतात. गादी, उशी, रजई आणि कापडी सोफा ही त्यांची आवडती ठिकाणे. ते पाणी पीत नाहीत. हवेतील ओलावा शोषून घेतात. त्यामुळे हवा दीर्घकाळ कोरडी राहिली तर ते तग धरू शकत नाहीत.

मध्य भारताच्या हवामानाचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. भिलाईत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कमालीची कोरडी असते. या किड्यांचा नाश निसर्गतःच व्हावा अशी ही परिस्थिती. परंतु विदर्भाप्रमाणेच छत्तीसगडमध्येही उन्हाळा म्हटला की घरोघरी कूलर लागतो. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांवर पाणी सोडून त्यातून पंखा हवा ओढतो आणि खोलीत ओलावा भरतो. किड्यांसाठी जो काळ दुष्काळाचा ठरावा, तो अशा रीतीने सुकाळाचा होतो. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील रेनो हे शहर असेच कोरडे आहे. तेथील मुलांच्या २००९ सालच्या अभ्यासात ज्यांच्या घरी असे पाण्याचे कूलर होते, त्यांच्यात धुळीतील किडे आणि काही बुरशी यांविरुद्धची त्वचाचाचणी अधिक प्रमाणात सकारात्मक आढळली. कूलर वापरू नये, असा याचा अर्थ काढणे अव्यवहार्य आहे. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात तो चैनीचा विषय नाही. टाकीतील पाणी वरचेवर बदलणे, हंगामाच्या आरंभी जुन्या ताट्या टाकून देणे, खिडकी उघडी ठेवून ओली हवा बाहेर जाऊ देणे आणि दुपारी काही तास खोली कोरडी होऊ देणे एवढे मात्र कोणालाही शक्य आहे.

जूनपासून पाऊस सुरू झाला की ओलावा आपोआपच वाढतो आणि पावसाळ्याच्या अखेरीस किड्यांची संख्या चढलेली असते. भिंतीवरील ओलीची बुरशीही याच काळात बहरते. दिवाळीच्या साफसफाईत कपाटामागची धूळ झटकताना ज्यांना शिंकांची रांग लागते, त्यांना रासायनिक रंगापेक्षा बहुधा हा संचित ऐवज भोवत असतो. गाद्या-रजया कडक उन्हात वाळत घालण्याची जुनी पद्धत या दृष्टीने शास्त्रशुद्ध आहे. उशांचे अभ्रे आणि चादरी ५५ ते ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुतल्यास किडे मरतात. गार पाण्यात ते बरेचसे टिकून राहतात.

झुरळांच्या अंगावरील आणि विष्ठेतील प्रथिनेही संवेदीकरण घडवतात. अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या दाट वस्त्यांत दमा असलेल्या मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना झुरळांचे वावडे होते आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचा अंश अधिक होता, त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण इतरांच्या मानाने बरेच जास्त होते.

डासांच्या कॉइलचा प्रश्न निराळा आहे. एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झाले. हा वावड्याचा पदार्थ नव्हे, निव्वळ धूर आहे. तरीही बंद खोलीत झोपलेल्या दमेकरी मुलासाठी तो कारखान्याच्या धुराइतकाच नकोसा ठरतो.

परागकण आणि गाजर गवत

हवेतील अदृश्य कणांची मोजदाद भारतात फार पूर्वी सुरू झाली. डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्याने कोलकात्यातील तुरुंगांच्या आवारातील हवा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आपला अहवाल १८७३ साली प्रसिद्ध केला. योगायोग असा, की गवताच्या परागकणांमुळेच ‘हे फीव्हर’ होतो, हे स्वतःवर प्रयोग करून दाखवणारे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले. महाराष्ट्रात या विद्याशाखेचा पाया घालण्याचे श्रेय तेव्हाच्या औरंगाबाद येथील मराठवाडा विद्यापीठातील प्रा. एस. टी. टिळक यांच्याकडे जाते. हवेतील कण गोळा करणारे त्यांचे उपकरण ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून ओळखले जाते. छत्तीसगडमध्ये रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील संशोधकांनी हवेतील बुरशीच्या बीजाणूंचा अभ्यास केला आहे.

रंगीत, सुवासिक फुलांवर संशय घेण्याची प्रथा आहे. पण ज्या झाडांचे परागीभवन कीटक करतात, त्यांचे पराग जड व चिकट असल्याने हवेत फारसे पसरत नाहीत. त्रास देतात ती वाऱ्यावर पराग सोडणारी, नजरेत न भरणारी झाडे. मध्य भारतात फेब्रुवारीपासून फुलणारा वावळ, रस्त्याकडेचा एरंड, पावसाळ्यानंतर तुरे काढणारी हरळी आणि इतर गवते ही त्यांची उदाहरणे. ऑक्टोबरच्या रात्री सातविणीच्या उग्र वासाने अनेकांचे डोके दुखते. तो बहुतेकदा वासाचा त्रास असतो, आयजीईचा नव्हे. त्याच सुमारास धानाची कापणी आणि मळणी सुरू होत असल्याने तुसाची धूळ व बुरशीचे बीजाणू हवेत मिसळतात. त्यांचा दोषही बिचाऱ्या सातविणीच्या माथी बसण्याची शक्यता असते.

मराठी मुलखाने अनुभवलेले संवेदीकरणाचे सर्वांत ठळक प्रकरण गाजर गवताचे आहे. मूळ अमेरिका खंडातील ही वनस्पती १९५०च्या दशकाच्या मध्यास पुण्यात आढळली. आयात केलेल्या गव्हातून तिचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘काँग्रेस गवत’ आणि ‘चटकचांदणी’ या नावांनीही परिचित असलेले हे गवत काही वर्षांत माळरानांवर, रेल्वेमार्गांलगत आणि पडीक भूखंडांवर पसरले. शेतमजूर आणि उघड्यावर काम करणाऱ्या माणसांच्या चेहरा, मान, कोपराची लवण अशा भागांवर तीव्र खाजेचा इसब दिसू लागला. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांचे सहकारी मिचेल व कॅलनन यांनी या रुग्णांविषयीचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध केला. गवतातील ‘पार्थेनिन’ हे द्रव्य त्वचेचे संवेदीकरण करते. त्यातील यंत्रणा आयजीईची नसून पांढऱ्या पेशींची असते आणि प्रतिक्रिया काही मिनिटांत न उमटता एकदोन दिवसांनी उमटते. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे काहीही न होता हे गवत उपटणाऱ्या माणसालाही ते अचानक बाधू लागते आणि मग ते वावडे सहसा जन्मभर राहते. मुंबई-हावडा लोहमार्गावरील दुर्ग-भिलाईचा परिसरही या गवतापासून मुक्त नाही. ते नष्ट करण्यासाठी १९८४ साली मेक्सिकन भुंगेरे भारतात आणण्यात आले. पावसाळ्यात ते पाने फस्त करतात. तथापि गवताचा प्रसार त्यामुळे थांबलेला नाही. फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून आणि अंगभर कपड्यांनिशी ते मुळासकट काढणे हाच खात्रीचा मार्ग मानला जातो. शाळेतील मुलांकडून श्रमदानात हे काम करून घेणे योग्य नव्हे.

गोठा, जंत आणि मोठे कुटुंब

ज्या घरात भावंडे अधिक, तेथील धाकट्या मुलांना ‘हे फीव्हर’ कमी, असे निरीक्षण ब्रिटनमधील डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ साली १७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून मांडले. बालपणी जंतूंशी येणारा संबंध रोगप्रतिकारशक्तीला संयम शिकवतो, हा विचार त्यातून पुढे आला. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी पंथांची २०१६ साली प्रसिद्ध झालेली तुलना या संदर्भात वारंवार सांगितली जाते. दोघांचे मूळ व आहार बरेचसे सारखे. परंतु आमिश कुटुंबे घराजवळच्या गोठ्यात गुरे पाळतात, तर हटराइट यांत्रिक सामुदायिक शेती करतात. संवेदीकरण आमिश मुलांत ७.२ टक्के आणि हटराइट मुलांत ३३.३ टक्के आढळले. गोठ्याच्या धुळीतील जिवाणूंचे अंश हे त्याचे कारण असल्याचे दिसून आले. दुर्ग जिल्ह्यातील गावाकडचे घर सोडून भिलाईच्या सदनिकेत राहावयास आलेल्या कुटुंबाची दुसरी पिढी नेमकी याच्या उलट दिशेने प्रवास करीत असते.

पोटातील जंतांचाही येथे संबंध येतो. आफ्रिकेतील गॅबॉन या देशात जंतबाधा असलेल्या मुलांना धुळीतील किड्यांचे वावडे कमी आढळले आणि वारंवार जंतनाशक औषध दिल्यावर त्यांची त्वचाचाचणी सकारात्मक येण्याचे प्रमाण वाढले. म्हणून जंत असू द्यावेत, असे कोणताही जबाबदार डॉक्टर सांगणार नाही. रक्तक्षय आणि खुंटलेली वाढ यांची किंमत फार मोठी आहे. भारतात २०१५ पासून राबवला जाणारा राष्ट्रीय जंतनाशक दिन त्यासाठीच आहे.

कातडीच्या वाटेने

औद्योगिक शहरात आणखी एक प्रकार लक्षात घ्यावा लागतो. ओल्या सिमेंटमधील क्रोमियमचे संयुग गवंड्यांच्या हातांवर चिवट इसब निर्माण करते. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील अशा क्रोमियमवर दहा लाखांत दोन भाग इतकी मर्यादा घातली. डेन्मार्कने हा उपाय १९८०च्या दशकातच केला होता आणि तेथे बांधकाम मजुरांमधील हा आजार घटला. निकेलचे वावडे बहुधा कान टोचल्यानंतर घातलेल्या स्वस्त बाळ्यांपासून सुरू होते आणि पुढे घड्याळाचा पट्टा, पँटचे बटण यांच्या जागी खाज उठते.

चाचणी आणि उपचार

श्वसनाच्या ॲलर्जीसाठी त्वचाचाचणी ही आजही प्रथम पसंतीची पद्धत आहे. हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येकातून हलकेच टोचले जाते आणि पंधरा मिनिटांनी उठलेली गांधी मोजली जाते. तीन मिलिमीटर वा अधिक व्यासाची गांधी सकारात्मक मानतात. चाचणीपूर्वी काही दिवस सर्दी-खाजेवरील हिस्टामिनविरोधी गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. अन्यथा उत्तर चुकीचे येते. दमा तीव्र असताना ही चाचणी करीत नाहीत. अन्नाविरुद्धच्या ‘आयजीजी’ प्रतिपिंडांचे लांबलचक तक्ते ॲलर्जीच्या निदानासाठी उपयोगाचे नाहीत, असे युरोपीय ॲलर्जी संस्थेने २००८ सालीच स्पष्ट केले आहे.

चंडीगड शहरासाठी २०२२ साली परागकणांची दिनदर्शिका तयार करण्यात आली, तशी सोय हाताशी नसेल तेथे रुग्णाने ठेवलेली रोजनिशी डॉक्टरांना मोठी मदत करते. त्रास कोणत्या महिन्यात, घरात की बाहेर, सुटीत गावी गेल्यावर थांबतो का, कूलर सुरू केल्यावर वाढतो का, रात्रपाळीनंतर वाढतो का, याच्या नोंदी काही आठवडे जरी ठेवल्या तरी पुरतात. कामाच्या दिवशी वाढणारा आणि सुटीत ओसरणारा खोकला कारखान्याकडे बोट दाखवतो. पहाटे अंथरुणात सुरू होणाऱ्या शिंका बहुधा गादीकडे.

नाकात मारावयाचे स्टिरॉइडचे फवारे आणि दम्यासाठी इनहेलर हे उपचारांचे मुख्य आधार आहेत. यांतील औषध थेट जागेवर पोहोचत असल्याने त्याची मात्रा तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांच्या तुलनेत अत्यल्प असते. एखाद्या घटकाचे वावडे चाचणीने आणि लक्षणांनीही सिद्ध झाले असेल, तर त्याच घटकाची वाढती मात्रा तीन ते पाच वर्षे देऊन शरीराला सवय लावण्याचा उपाय केला जातो. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागांचे अर्क टोचून त्याचा आरंभ केला. ही इंजेक्शने अनुभवी डॉक्टरांकडूनच घ्यावयाची असतात आणि प्रत्येक वेळी रुग्णाला किमान अर्धा तास दवाखान्यात थांबवून ठेवले जाते, कारण क्वचित उद्भवणारी गंभीर प्रतिक्रिया बहुधा त्या अर्ध्या तासातच दिसून येते.